मागच्या फाटकातून बघितलेली शाळा

मी तिसरीपर्यंत शिकले. त्यातलं अर्धं वर्ष गोवरात गेलं, म्हणजे अडीच धरा. असं असून मी शाळांबद्दल मत देते, याचं आमच्या घराण्यात अजून हसू होतं. होऊ दे. ती सगळी माणसं शाळेच्या पुढच्या दारानं आत गेली आणि पुढच्याच दारानं बाहेर आली. मी एकोणीस वर्षं शाळेच्या मागच्या बाजूला काढली. तिथं पाण्याची टाकी असते आणि संडास असतो.

यजमान बडोद्याजवळ कोयलीला ठेकेदाराकडे कामाला होते. पोटाच्या दुखण्यानं गेले तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. सासरचे लोक मोठे, म्हणजे एके काळचे. माझे आजेसासरे संस्थानच्या दफ्तरात होते. दीर मला म्हणाले, "वहिनी, काहीही करा, पण कुणाच्या हाताखाली नोकरी करू नका. बडोद्यात घराण्याला नाव आहे." नाव होतं ते खरं. ते शिजत नव्हतं एवढंच. दीरांनी त्यानंतर गव्हाची एक पिशवीही कधी पाठवली नाही.

मी बालवाडीत तेडागर म्हणून लागले. तेडागर म्हणजे घरोघर जाऊन मुलांना घेऊन येणारी बाई. सकाळी निघायचं, प्रत्येक दारात उभं राहून हाक मारायची, एकाला कडेवर घ्यायचं, दोघांची बोटं धरायची, बाकीच्यांनी पदराला धरायचं, अशी वरात बालवाडीत पोचवायची. मग दिवसभर नाकं पुसायची, चड्ड्या बदलायच्या, पाणी पाजायचं, शू-शीला न्यायचं. शिकवणाऱ्या बेन वेगळ्या. बेननी पुढं गाणं म्हणायचं आणि मागचं सगळं मी बघायचं. माझा मुलगासुद्धा त्याच वरातीत पदर धरून चालला. त्याला आता ते आठवत नाही, किंवा आठवलेलं आवडत नाही.

तर मुलगा शिकला, डिप्लोमा झाला, छाणीला एका वर्कशॉपच्या ऑफिसात लागला. सून आली, ती बडोद्याचीच, आमच्यातलीच, बारावीपर्यंत गुजरातीतून शिकलेली. मग नात झाली. बोलकी इतकी, की दुधवाल्याशी गुजरातीत, माझ्याशी मराठीत आणि टीव्हीशी हिंदीत भांडायची. आम्ही घडियाळी पोळच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो, आणि ती उठली की अख्ख्या पोळला कळायचं.

तेव्हा नवीन नवीन केबल आली होती. ज्याच्या त्याच्या दारात स्कूटर आली आणि ज्याच्या त्याच्या तोंडात एकच शब्द, इंग्लिश मिडियम. लग्नाच्या पंगतीत बसलं तरी तेच. मुलगी पाचची व्हायची होती, तर माझ्या मुलानं छाणीच्या पुढची एक नवी शाळा हेरली. शेताच्या मधोमध मोठी इमारत, पुढं कारंजं, बाहेर पिवळ्या बसेस. पहिलीत घ्यायच्या आधी ते लोक मुलाची मुलाखत घ्यायचे, आणि आईबापांचीही. मी म्हटलं, "पाच वर्षांच्या पोरीची मुलाखत कसली? तिला काय साहेब करायचंय?"

"आई, तुला नाही कळणार," मुलगा म्हणाला. हे वाक्य त्या वर्षी मी फार ऐकलं.

मग घरात फर्मान निघालं. मुलीशी फक्त इंग्रजीत बोलायचं. सून संध्याकाळी स्पीकिंगच्या क्लासला जाऊन आली होती तीन महिने. सुरू झालं. "बेबी, कम." "बेबी, सिट." "बेबी, ईट." समोरच्या माळ्यावरच्या भाईंनी कुत्रा पाळला होता, तेही त्याच्याशी असंच बोलायचे. एक दिवस सुनेनं खिडकीतून "सिट" म्हटलं आणि तो कुत्रा खाली बसला. पोरगी उभीच.

मला सून चांगल्या शब्दांत म्हणाली, "आई, राग मानू नका हं. मुलाखत होईपर्यंत तुम्ही तिच्याशी जरा कमी बोला. तिचं मराठी मिक्स होतं."

मी म्हटलं, "बरं." मी गप्प राहायला घाबरत नाही. नवरा गेल्यावर मी वर्षभर गप्पच होते. पण पोरीला ते कळेना. ती माझ्याजवळ येऊन उभी राहायची, मी तिच्याकडे बघायची आणि भाजी निवडायची. थोड्या दिवसांनी तिनं येणं बंद केलं. मग हळूहळू बोलणंही बंद केलं. मुलगा म्हणाला, "बघ, किती शांत झाली. डिसिप्लिन यायला लागली."

मुलाखतीला सगळ्या घरानं यायचं असं पत्र होतं, म्हणून मलाही नेलं. आता आमच्या घराण्याची एक रीत सांगते. आजेसासऱ्यांची एक फ्रेम आहे. पगडी घातलेला फोटो आणि खाली संस्थानचं शिक्क्याचं पत्र. आमच्यात ही फ्रेम कुठंही नेतात. मुलगी बघायला जाताना नेतात, नोकरीच्या मुलाखतीला नेतात, दीर एकदा तर रेशनकार्डाच्या कचेरीत घेऊन गेले होते. त्या फ्रेमनं आजवर कुणाला काही मिळालेलं मी बघितलं नाही, तरी नेतात. मुलानं ती टॉवेलात गुंडाळली, रिक्षा केली आणि सुनेच्या मांडीवर दिली.

प्रिन्सिपल मॅडमचं ऑफिस थंडगार होतं. मुलानं टॉवेल सोडला आणि फ्रेम टेबलावर उभी केली. मॅडमनी चष्मा वर केला.

"ये कौन हैं?"

"मेरे परदादा. स्टेट में बड़े अधिकारी थे."

ते कारकून होते. पण आमच्यात दर पिढीला त्यांना एक बढती मिळते.

मॅडमनी फोटोकडे बघितलं, पत्राकडे बघितलं. "अच्छा," म्हणाल्या, "तो फीस ये भरेंगे?"

बाजूचा क्लार्क हसला. माझा मुलगाही हसला. क्लार्कचं हसणं मला लागलं नाही.

मग पोरीला विचारलं. नाव विचारलं, तिनं सांगितलं. रंग विचारले, सांगितले. फळं विचारली, सांगितली. सगळं पाठ होतं. मग मॅडमनी हिंदीत सहज विचारलं, "घर में सबसे अच्छा कौन लगता है?" पोरीनं माझ्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. हे उत्तर कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून तिनं तोंड मिटून घेतलं.

मॅडम फॉर्म चाळत होत्या. माझ्याकडे वळल्या. "दादीजी, आप टीचर थीं? बहुत अच्छा. कौन से स्कूल में?"

मला आधी समजेना. मुलगा जमिनीकडे बघत होता, तेव्हा समजलं. आजीच्या धंद्याच्या रकान्यात त्यानं निवृत्त शिक्षिका असं भरलं होतं. तेडागर लिहायला त्याला लाज वाटली. मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. पण सून डोळ्यांनी हात जोडत होती. मी म्हटलं, "बालवाडी में." हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. मी आयुष्यात भांडी घासली, धुणी धुतली, कुणापुढं मान खाली घातली नव्हती. त्या थंड खोलीत बसल्या बसल्या घातली.

प्रवेश मिळाला. इमारतीसाठी म्हणून काहीतरी द्यावं लागलं. किती ते मला कुणी सांगितलं नाही. सुनेच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा मी विचारलंही नाही. पेढे मात्र वाटले. दीर पेढा खाऊन म्हणाले, "फ्रेमनं काम केलं."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. बडोद्याच्या उकाड्यात पोरीला गुडघ्यापर्यंत मोजे, पट्टा आणि गळ्यात टाय. सकाळी पिवळी बस नाक्यावर यायची आणि दुपारी सोडायची. बसमधून उतरवायला मी जायची, कारण ते काम कमी बोलून करता येतं. पोरगी उतरायची, माझा हात धरायची आणि ओढत ओढत घराकडे चालायची. घरात शिरली की दप्तर टाकून थेट मोरीत. रोज. मी बघत होते.

आणि बाटली. पाण्याची बाटली सकाळी भरून द्यायचो, ती तशीच भरलेली परत यायची. सून म्हणायची, "बरंय, तिथं थंड पाण्याचा कूलर आहे, त्याचं पीत असेल."

एकोणीस वर्षं मी मुलांना शू-शीला नेलंय. ज्याला लागलेली असते ते मूल कसं बसतं ते मला न बघता कळतं. एक पाय दुमडून टाच खाली दाबून बसतं, आणि विचारलं तर नाही म्हणतं. नात घरी अशीच बसायला लागली होती. मोरी चार पावलांवर असून. मी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "सवय असेल, आई." मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "तुला प्रत्येक ठिकाणी तुझी बालवाडी दिसते."

गणपती यायच्या आठ दिवस आधी पोरीला ताप भरला. पोट धरून पडून राहिली, रडली नाही. डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली आणि म्हणाले, "इन्फेक्शन आहे. पाणी पीत नाही का? शाळेत किती वेळा जाते बाथरूमला?"

मुलगा सुनेकडे बघतो, सून मुलाकडे. दोघांनाही माहीत नाही. गृहपाठ काय, प्रार्थना कुठली, टीचरचा वाढदिवस कधी, सगळं माहीत. हे नाही.

घरी आल्यावर मी मुलीजवळ बसले आणि मराठीत विचारलं. माझं व्रत तिथं संपलं. "बाळ, पोटात कधीपासून दुखतंय?"

ती म्हणाली, "खूप दिवस."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

तिनं चादर तोंडावर ओढून घेतली. मला नंतर लक्षात आलं, सांगणार कशात? घरात इंग्रजी, शाळेत इंग्रजी. इंग्रजीत तिला रंग येत होते, फळं येत होती. पोटात दुखतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता सिटी बस पकडली आणि त्या शाळेत गेले. पुढच्या फाटकावर वॉचमन म्हणाला, "टाइम घेतलाय का, मासी?" मी म्हटलं, "नाही." "मग नाही जाता येणार." मी वाद घातला नाही. भिंतीला धरून चालत मागच्या बाजूला गेले. मागं एक लोखंडी फाटक होतं आणि तिथं एक बाई लादी पुसायच्या पोत्याचं पाणी बाहेर ओतत होती. पदर खोचलेला, कमरेला चाव्यांचा जुडगा. अशी बाई मला परकी नाही. आम्ही गुजरातीत बोललो.

"कुणाची आजी?" तिनं विचारलं.

"पहिलीतल्या एकीची. मी पण हेच काम करायची. तेडागर होते."

"अरे, मग या ने आत."

मी विचारलं, "बेन, पोरं संडासला केव्हा जातात?"

"रिसेसमध्ये."

"आणि मधे लागली तर?"

तिनं चाव्या दाखवल्या. "ताळं असतं. चावी माझ्याकडेच आहे, पण मधे खोललं तर माझी नोकरी जाते."

"का पण?"

"लादी नवी आहे. चमकली पाहिजे. पेरेंट्स बघायला येतात ने."

"रिसेसमध्ये सगळ्यांचं होतं का?"

"दोनशे पोरं, चार दारं, पंधरा मिनिटं. मोठी पोरं पुढं घुसतात."

"मग लहान पोरं काय करतात?"

"शिकतात."

"काय शिकतात?"

"धरून ठेवायला." ती हसली, पण मजेत नाही. "पाणी पीत नाहीत, म्हणून लागत पण नाही. हुशार आहेत सगळी."

तिनं मला ताळं खोलून दाखवलं. पांढरीशुभ्र लादी, आरसा, माझ्या छातीएवढ्या उंचीवर हात धुवायची बेसिनं. इतका स्वच्छ संडास मी जन्मात बघितला नव्हता. वापरायचा नसला की तसा राहतो.

घरी येऊन सांगितलं, तर मुलगा वैतागला. "आई, तू मागच्या फाटकातून गेलीस? कुणी बघितलं असतं तर? मोठ्या शाळेत नियम असतात."

"तू चौथ्या वर्षापर्यंत चड्डीत करायचास," मी म्हटलं. "तुला कुणी नियम दाखवला नाही. मी धुतली."

"आई, प्लीज."

सून इतका वेळ पोरीच्या कपाळावर पट्टी ठेवत होती. ती वर न बघता म्हणाली, "मी पण धरून ठेवायचे. आमच्या शाळेत संडासाला दार नव्हतं. दहावीपर्यंत मी शाळेत पाणी प्याले नाही." मग पट्टी पिळून म्हणाली, "उद्या आपण जाऊ, आई. तुम्ही आणि मी."

या बाईला मी तोवर पोपट समजत होते. त्या दिवसापासून नाही समजले.

मॅडमनी ऐकून घेतलं. डॉक्टरचा कागद बोटानं बाजूला सरकवला. म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा, मुलांना लहानपणी शिस्त लावली नाही तर मोठेपणी लागत नाही. सून बोलायला गेली, तिच्या इंग्रजीचा धागा तुटला. मॅडम फाईल उघडून माझ्याकडे वळल्या. "दादीजी तो खुद टीचर रह चुकी हैं. इनको तो समझना चाहिए."

मी म्हटलं, "मी टीचर नव्हते. कागदावर खोटं लिहिलंय. मी मुलांना मुतायला न्यायची." हे मी गुजरातीत म्हटलं, सावकाश, क्लार्कलाही ऐकू जावं म्हणून. "ते काम तुमच्याकडे कुणी करत नाही. एवढी मोठी इमारत बांधलीत, त्यात ते एक राहिलं."

मॅडम म्हणाल्या, खोटी माहिती दिली असेल तर प्रवेश रद्द होऊ शकतो. सून उठून उभी राहिली. "तो कर दीजिए," म्हणाली. शाळा सोडल्याचा दाखला आम्ही त्याच आठवड्यात घेतला. इमारतीचे पैसे परत आले नाहीत, ते येणारही नव्हते.

आता अर्ध्या वर्षात पोरीला घेणार कोण? घराण्यात सभा भरली. दीर म्हणाले, "आपल्या माणसांच्या मराठी शाळेत घाला. मी शब्द टाकतो." मी म्हटलं, "आधी बघते." दीर हसले, "वहिनी, तुम्ही काय बघणार? अभ्यासक्रम?"

मी रिसेसच्या वेळेला जायची. सहा शाळा बघितल्या. आधी कुणाला भेटायची नाही, सरळ मागं जाऊन उभी राहायची. एका शाळेत देवीची केवढी मोठी मूर्ती, आणि चारशे पोरांना एक नळ, तोही पोरांच्या डोक्याच्या वर. एका शाळेत कंप्युटरची खोली काचेची, आणि संडासाच्या दारात चिखल, मधे विटा टाकलेल्या. आपल्या माणसांच्या शाळेत गेले. मास्तर भला माणूस, चहा पाजला, वर्गात अकरा मुलं. संडासाला कडी नव्हती. मी म्हटलं, "मास्तर, कडी?" ते म्हणाले, "ग्रँट आली की लावू." कडीला ग्रँट. आमच्या लोकांना फ्रेम पुसायला वेळ असतो, कडी लावायला नसतो. दीरांना सांगितलं, तर दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. घरात शांतता झाली.

सातवी शाळा आमच्या पोळपासून चालत दहा मिनिटांवर. जुनी, गुजराती, बाहेरून बघावीशीही वाटणार नाही अशी. मागं सिमेंटची लांब कुंडी, तिला गुडघ्याएवढ्या उंचीवर सहा नळ. संडास जुना, पण ओला, म्हणजे वापरातला, आणि फिनेलचा वास. मी तिथं उभी होते तेव्हा रिसेस संपली होती. आतून एक टीचर बाहेर आली, हातात खडू तसाच. कुंडीजवळ येऊन मोठ्यानं म्हणाली, "अरे, ती पोरगी गेली ती आली का नाही? फसली का आत?" आतून बारीक आवाज आला, "बेन, नाडी." टीचर आत गेली, नाडी सोडवून दिली, आणि मुलीला पुढं घालून घेऊन आली. मला बघून म्हणाली, "बोला मासी, काय काम?"

मी म्हटलं, "काही नाही. झालं काम."

मुलगा कपाळाला हात लावून बसला. "गुजराती मिडियम? आई, लोक काय म्हणतील? कुठल्या कुठं गेलीय दुनिया."

"दुनिया जाऊ दे," मी म्हटलं. "पोरीला शू लागली तर ती कुठं जाईल ते बोल."

त्यानं सुनेकडे बघितलं. पण त्या दिवशी सून माझ्या बाजूला बसली होती.

पहिल्या दिवशी मीच सोडायला गेले. जुन्या सवयीनं पदर पुढं केला, तर तिनं धरला. दुपारी आणायला गेले तर पोरगी फाटकातून पळत आली, एक वेणी सुटलेली, फ्रॉक पुढून सगळा ओला. कुंडीवर खेळली होती. रस्ताभर बोलत होती, थांबेचना. कोण कुणाच्या बाजूला बसलं, कुणी कुणाला चिमटा काढला, निम्मं गुजरातीत, निम्मं मराठीत. घरी आल्यावर सुनेनं विचारलं, "बाटली कुठाय?"

"हरवली," ती म्हणाली. "प्यायले, मग हरवली."

"पहिल्याच दिवशी? नवी होती ती."

सून रागावत होती आणि पोरगी तिला उलट उत्तर देत होती. मी आत जाऊन चहा ठेवला. बाहेरचं भांडण बराच वेळ चाललं. मी चहा गाळला नाही, उकळू दिला.